फ्लॉरेन्स नाइटिंगेल : आपण नसतानाची सोय

तुमच्या घरी औषधं कुठे असतात? बहुतेक घरांत फ्रीजवर नाहीतर देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर बिस्किटांचा एक जुना डबा असतो. त्यात सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या, सासऱ्यांच्या शुगरच्या, मागच्या पावसाळ्यात मुलाला ताप आला तेव्हाचं अर्धं उरलेलं सिरप, आणि कात्रीनं कापलेल्या स्ट्रिपचे तुकडे. गोळीचं नाव ज्या तुकड्यावर होतं तो कधीच केराच्या टोपलीत गेलेला! तरी सगळं सुरळीत चालतं. कारण गुलाबी गोळी सकाळची आणि अर्धी पांढरी रात्रीची, हे घरातल्या एका माणसाला पाठ असतं. ते माणूस म्हणजे अर्थातच घरातली बाई.

आणि मग एक दिवस ती माहेरच्या लग्नाला जाते, किंवा तिचंच ऑपरेशन निघतं. लगेच फोन सुरू होतात. डबा कुठे आहे, गुलाबी गोळ्या दोन प्रकारच्या दिसतात त्यातली कुठली, काल दिली होती की नाही... ती बिचारी मांडवातून नाहीतर हॉस्पिटलच्या खाटेवरून आठवून आठवून सांगत असते. आपण याला प्रेम म्हणतो, जबाबदारी म्हणतो. पण पावणेदोनशे वर्षांपूर्वी एका बाईनं याच गोष्टीला स्पष्टपणे चूक म्हटलं होतं. आपण तिला ओळखतो, पण ओळखतो ती हातात दिवा घेतलेली. औषधांचा, किल्ल्यांचा आणि वह्यांचा हिशेब मांडणारी फ्लॉरेन्स नाइटिंगेल आपल्याला शाळेच्या पुस्तकात भेटलेलीच नसते.

तिचा जन्म १२ मे १८२० चा, इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरातला. गावाचंच नाव मुलीला ठेवलेलं. घरची श्रीमंती भरपूर, इंग्लंडमध्ये दोन मोठी घरं, नोकरचाकर. वडिलांनी दोन्ही मुलींना स्वतः शिकवलं, ग्रीक आणि लॅटिनसुद्धा. फ्लॉरेन्सला गणिताची फार ओढ. पण शिकून करायचं काय? त्या काळच्या श्रीमंत घरातल्या मुलीनं पियानो वाजवावा, पाहुण्यांशी गोड बोलावं आणि चांगलं स्थळ आलं की लग्न करावं, एवढंच अपेक्षित होतं. हिला मात्र आजाऱ्यांची सेवा करायची होती. घरात रडारड झाली. आई नाराज, बहीण तर आजारीच पडली. त्यांचंही एका अर्थी बरोबर होतं. त्या वेळच्या हॉस्पिटलमधल्या नर्स म्हणजे बहुधा अडाणी, दारूच्या नादी लागलेल्या बायका अशीच समजूत होती, आणि ती अगदीच खोटी नव्हती. चांगल्या घरातली मुलगी असल्या ठिकाणी पाऊल ठेवत नसे.

फ्लॉरेन्सनं वाट पाहिली, थोडीथोडकी नाही, सोळा वर्षं. चांगलं चालून आलेलं स्थळ नाकारलं. पहाटे उठून, घरच्यांच्या नकळत, हॉस्पिटलांचे सरकारी अहवाल वाचून काढले. १८५१ मध्ये जर्मनीतल्या कैसरवर्थ इथल्या संस्थेत तीन महिने राहून शिकली. आणि १८५३ च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, तिला पहिली नोकरी मिळाली. पगार नाही. वडिलांनी वर्षाला पाचशे पौंड द्यायचं कबूल केलं म्हणून जमलं.

हार्ली स्ट्रीटचं घर

ही नोकरी होती लंडनमध्ये, अप्पर हार्ली स्ट्रीटवरच्या एका संस्थेच्या व्यवस्थापिकेची. आपल्याकडे नर्सिंग होम म्हटलं की डॉक्टरांचं छोटं खासगी हॉस्पिटल डोळ्यांपुढे येतं, विशेषतः बाळंतपणाचं. इंग्लंडमध्ये नर्सिंग होम म्हणजे आजारी किंवा म्हाताऱ्या माणसांनी राहून शुश्रूषा करून घ्यायची जागा. हार्ली स्ट्रीटची संस्था साधारण त्याच जातीची. परक्या घरी राहून मुलांना शिकवणाऱ्या शिक्षिका आणि अशाच बेताच्या परिस्थितीतल्या, पण चांगल्या घरच्या म्हणवल्या जाणाऱ्या बायका आजारी पडल्या की तिथे येत. त्यांना ना घर, ना माणूस.

फ्लॉरेन्सनं आल्याबरोबर काय केलं असेल? रुग्णांच्या उशाशी बसून त्यांचा हात हातात घेतला असेल, असं आपल्याला वाटेल. तेही केलंच. पण त्याआधी तिनं घराची रचना बदलायला घेतली. गरम पाणी नळानं प्रत्येक मजल्यावर पोचलं पाहिजे, जेवण वर चढवायला दोरीचा पाळणा पाहिजे, असा तिचा आग्रह. नर्सचा अर्धा दिवस जिने चढण्या-उतरण्यात जात असेल, तर ती रुग्णाकडे कधी बघणार? आणि घंटा! प्रत्येक रुग्णाची घंटा त्या मजल्यावरच्या नर्सच्या दाराबाहेर वाजावी, आणि ज्या खोलीतून वाजली तिची झडप उघडून तशीच राहावी. म्हणजे नर्स दोन मिनिटं कुठे गेलेली असली तरी परत आल्यावर तिला कळेल की कुणी बोलावलं होतं. बघा हं, नर्स कधीच हलणार नाही असं तिनं गृहीत धरलं नाही. ती हलणारच, मग त्याची सोय काय, हा तिचा विचार.

औषधांचंही तसंच. संस्थेची औषधं बाहेरच्या औषधवाल्याकडून येत आणि त्याचं बिल भलंमोठं होई. फ्लॉरेन्सनं ठराव आणला की संस्थेतल्याच निवासी डॉक्टरनं औषधं तिथेच तयार करून द्यावीत. त्यात वर्षाला दीडशे पौंड वाचणार होते, आणि त्या काळात ही रक्कम मोठी होती. पैसे तर वाचतातच, पण कुणाला काय आणि किती दिलं हे माहीत असणारा एक जबाबदार माणूस त्याच घरात राहतो.

हा ठराव तिनं कसा मंजूर करून घेतला तेही ऐकण्यासारखं आहे. संचालक मंडळापुढे तिनं तो डॉक्टरांची सूचना असल्यासारखा मांडला, आणि डॉक्टरांना दाखवताना मंडळानं तो आधीच मंजूर केल्याचं सांगितलंच नाही. दोघांनीही मान डोलावली! सासऱ्यांना वाटू द्यायचं की यांचं असं म्हणणं आहे, आणि यांना वाटू द्यायचं की कल्पना त्यांचीच आहे, ही आपली युक्ती तिकडेही चालत होती तर. वडिलांना लिहिलेल्या पत्रात तिनं ते गमतीनं कबूलही केलं आहे.

कोठारात असून नसल्यासारखं

वर्षभरातच, ऑक्टोबर १८५४ मध्ये, तिला क्रिमियाच्या युद्धातल्या जखमी सैनिकांसाठी तुर्कस्तानात जायचं बोलावणं आलं. ४ नोव्हेंबरला अडतीस नर्सना घेऊन ती स्कुटारीच्या लष्करी हॉस्पिटलात पोचली. पुढची कथा सगळ्यांना ठाऊक आहे. आपल्या विषयापुरतं सांगायचं तर तिथे तिला एक विचित्र गोष्ट दिसली. माणसं मरत होती ती नेहमीच वस्तू नाहीत म्हणून नव्हे, तर वस्तू आहेत पण त्या रुग्णापर्यंत पोचत नाहीत म्हणून! कोठाराला कुलूप, उघडायला समितीची परवानगी, समिती जमेपर्यंत आठवडे. आघाडीवर सैनिकांच्या हिरड्यांतून रक्त येत होतं. त्यावरचा उपाय असलेला लिंबाचा रस डिसेंबर १८५४ मध्ये बालाक्लाव्हा बंदरात येऊन पडलेला होता, पण तो नियमित वाटायला फेब्रुवारी उजाडला.

म्हणजे नुसतं कुलूप लावलं की औषध सुरक्षित झालं असं नाही. कुलूप हवंच, पण वेळेला ते कोण उघडणार हेही ठरलेलं हवं. फ्लॉरेन्सनं तिथे स्वतःचं वेगळं कोठार उभं केलं. पण त्यातली वस्तू ती मनाला येईल तशी वाटत नसे, डॉक्टरांची मागणी आली तरच देई. तिच्या नर्सनाही ताकीद होती की डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय रुग्णाला काहीही भरवायचं नाही, पाजायचं नाही. एखाद्या तळमळणाऱ्या सैनिकाला दया येऊन घोटभर ब्रँडी देणंसुद्धा नाही. यावरून तिला कठोर म्हणणाऱ्या नर्सही निघाल्या.

तरीही त्या हिवाळ्यात स्कुटारीत माणसं पटापट गेली. फेब्रुवारी १८५५ मध्ये दर शंभर रुग्णांमागे सुमारे बेचाळीस. मार्चमध्ये सरकारी आरोग्य पथक आलं, त्यानं तुंबलेली गटारं उपसली, हवा खेळती केली, आणि जूनपर्यंत तो आकडा दोनाच्या आसपास आला. सेवा मनापासून होती, पण इमारतीखाली घाण साचली होती. हे तिला नंतर आकडे मांडताना नीट उमगलं आणि जन्मभर लागून राहिलं. चांगल्या मनानं केलेलं काम पुरत नाही, व्यवस्था लागते, हे तिच्या मनात कोरलं गेलं ते असं.

बाटलीवरची चिठ्ठी

परत आली ती आजार घेऊनच. १८५७ पासून पुढची कितीतरी वर्षं ती बहुतेक काळ खोलीतच, अंथरुणाला खिळून होती. पण लेखणी थांबली नाही. १८६० च्या जानेवारीत तिचं शुश्रूषेवरचं छोटं पुस्तक बाजारात आलं आणि महिनाभरात त्याच्या पंधरा हजार प्रती गेल्या. ते नर्ससाठी नव्हतंच मुळी. घरात कधी ना कधी कुणाचं तरी दुखणं काढावं लागणाऱ्या सर्वसामान्य बायकांसाठी होतं, म्हणजे तुमच्या-माझ्यासाठी.

त्यात व्यवस्थेवर एक प्रकरण आहे. फ्लॉरेन्सचं म्हणणं असं की अपघाताच्या, दगावलेल्या रुग्णांच्या हकिकती वाचल्या, तर शेवटी एकच कारण पुढे येतं, की त्या वेळी ती बाई तिथे नव्हती. आणि लोकांना ते कारण पटतं! नसेल, काही कामाला गेली असेल. ती म्हणते, माणूस जाणारच, त्यात दोष नाही. दोष आहे तो आपण नसताना काय होईल याची सोय न करण्यात. सगळं मी एकटीनं कसं करू, हा प्रश्न नसून ते नेहमी कसं होत राहील, मी असले काय नि नसले काय, हा खरा प्रश्न. माझ्यावाचून अडतं यात काही बायकांना मोठेपणा वाटतो, हेही ती सांगते. वाचताना आपल्यालाच चिमटा बसतो.

हौसेनं डॉक्टरकी करणाऱ्यांचाही तिनं समाचार घेतला आहे. त्या काळी निळी गोळी म्हणून पाऱ्याची एक गोळी मिळे. डॉक्टरांनी एकदा लिहून दिलेली ती चिठ्ठी जपून ठेवायची, पोट साफ व्हायला आठवड्यातून दोन-तीनदा ती स्वतः घ्यायची आणि दुसऱ्यांनाही द्यायची, असं करणाऱ्या बायका तिनं पाहिल्या होत्या. अफूचा अर्क तर इंग्लंडमध्ये १८६८ चा कायदा येईपर्यंत साध्या दुकानातही मिळत होता. आज शेजारणीला गुडघ्यावर लागू पडलेली गोळी आपण घेतो, तेव्हा फार वेगळं काय करतो?

आणि ज्यांना घरच नव्हतं त्यांचं काय? गरीब, म्हातारे, निराधार लोक सरकारी अनाथालयांत राहत, त्यांना वर्कहाउस म्हणत. आजच्या वृद्धनिवासांची ती एक जुनी मुळं म्हणायला हरकत नाही. तिथल्या आजाऱ्यांची काळजी घ्यायच्या तिथल्याच निराधार बायका. औषधाच्या बाटलीवर लिहिलेली सूचना जिला वाचता येत नाही तिला नर्स नेमू नये, असा नियम १८४७ पासून होता. पण तो कागदावरच. अशा कामाला लावलेल्या निराधार बायकांना नर्स म्हणून नेमलेलंच नसे, मग नियम लागू कुठला होणार! विचार करा, एका खोलीत तीस आजारी म्हातारी माणसं, फळीवर बाटल्यांची रांग, आणि जी बाई औषध पाजणार तिला अक्षरओळख नाही.

१८६४ च्या डिसेंबरमध्ये लंडनच्या एका वर्कहाउसमध्ये हेळसांड होऊन एक मजूर दगावला. वर्तमानपत्रांतून गवगवा झाला. फ्लॉरेन्सनं अंथरुणातून थेट मंत्र्यांना पत्र लिहिलं. आजारी माणूस गरीब असला तरी तो आधी आजारी आहे, त्याला शिक्षा नको, शिकलेली नर्स हवी, अशी तिची मागणी होती. पुढच्याच वर्षी लिव्हरपूलच्या प्रचंड वर्कहाउसच्या रुग्णालयात, जिथे बाराशेच्या घरात रुग्ण होते, तिच्या शाळेत तयार झालेल्या बारा नर्स घेऊन अॅग्नेस जोन्स ही तरुणी गेली. तिनं तीन वर्षांत तिथली कळा पालटली आणि १८६८ मध्ये तापानं गेली, अवघ्या पस्तिसाव्या वर्षी. १८६७ मध्ये लंडनपुरता कायदा झाला. फ्लॉरेन्सला हवं होतं तेवढं त्यात नव्हतं, पण गरिबांसाठी वेगळी रुग्णालयं आणि सरकारी खर्चानं औषध देणारे दवाखाने त्यातून निघाले. तोवर अनेक वर्कहाउसमधल्या डॉक्टरला औषधं स्वतःच्या तुटपुंज्या पगारातून आणावी लागत.

भारतात ती कधीच आली नाही. पण चाळीसेक वर्षं इथल्या पाण्याबद्दल, गावांच्या स्वच्छतेबद्दल लिहीत राहिली, पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही तिचा पत्रव्यवहार होता.

तिचं म्हातारपण

दुखणं काय असतं हे तिला स्वतःच्या शरीरानं शिकवलं होतं. १८६६ मध्ये पाठीच्या वेदना असह्य झाल्या तेव्हा कातडीखाली अफू टोचून घेतल्यावर तिला दिवसभर आराम पडला, पण त्यानं डोकं काही तल्लख राहत नाही हेही तिनं नोंदवून ठेवलं. औषधाचा गुण आणि दोष एकाच वेळी बघायची ही सवय. मग एकेक करून सगळं सुटत गेलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दृष्टी गेली. पुढे स्मरणशक्तीही. १९०७ मध्ये ब्रिटनचा ऑर्डर ऑफ मेरिट हा मोठा सन्मान पहिल्यांदाच एका बाईला मिळाला, तो तिच्या घरी आणून द्यावा लागला, आणि काय चाललंय हे तिला फारसं कळलंही नाही. ज्या बाईनं जन्मभर दुसऱ्यांच्या औषधपाण्याची व्यवस्था लावली, तिला आता पेल्यात काय आहे ते दिसत नव्हतं. देणाऱ्या हातावर विश्वास, एवढंच उरलं होतं. १३ ऑगस्ट १९१० रोजी, नव्वदाव्या वर्षी, ती झोपेतच गेली. मोठा समारंभ नको अशी तिची इच्छा, म्हणून गावच्या चर्चच्या आवारात आईवडिलांच्या शेजारी तिला पुरलं.

आज इंग्लंडमधल्या वृद्धनिवासांत प्रत्येकाच्या नावाचा औषधांचा तक्ता असतो, गोळी दिली की लगेच सही होते, अफूच्या जातीची औषधं वेगळ्या कुलपात राहतात, औषधांच्या फ्रीजचं तापमान रोज लिहितात. तरी चुका संपल्या नाहीत. २००९ मध्ये तिथल्या ५५ निवासांतल्या २५६ जणांची पाहणी झाली, तेव्हा दहातल्या जवळजवळ सात जणांच्या औषधांत एक तरी चूक सापडली. कुठे लिहिताना, कुठे देताना, कुठे तपासणी राहून गेल्यानं. एकेकाला सरासरी आठ औषधं चालू होती! या चुका बहुतेक वेळा दुष्टपणातून होत नाहीत. घाई, अर्धवट निरोप आणि मला वाटलं तिनं दिली असेल, यांतून होतात.

आपल्याकडेही आता वृद्धाश्रम वाढताहेत, घरी नर्स किंवा आया ठेवणं वाढतंय. आईला किंवा मामंजींना कुठे ठेवायची वेळ आली, तर खोलीत टीव्ही आहे का हे जरूर बघा, पण औषधं कुठे ठेवता, किल्ली कुणाकडे, रात्रीची गोळी कोण देतं आणि दिल्याची नोंद कुठे होते, हेही विचारा. वही दाखवा म्हणा. चांगल्या ठिकाणी याचा राग येणार नाही.

आणि घरातला तो बिस्किटांचा डबा? या रविवारी तो खाली काढा. मुदत संपलेलं बाजूला करा. प्रत्येकाची औषधं वेगळ्या डब्यात, मूळ वेष्टणासकट, नाव घालून ठेवा. लावायची औषधं आणि प्यायची औषधं शेजारी नकोत. न उघडलेलं इन्सुलिन फ्रीजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. डबा ओट्याच्या उष्णतेपासून दूर आणि नातवंडांचा हात पोचणार नाही असा. मग एका कागदावर मराठीत, ठळक अक्षरात, कुणाची कुठली गोळी किती वाजता, जेवणाआधी की नंतर, हे लिहा. डॉक्टरांना एकदा दाखवून घ्या आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. दिल्यावर खूण करायला शेजारी एक जुनी वही अडकवा.

तो कागद घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी, मुलाला, नवऱ्याला, शेजारच्या काकूंना, एकदा मोठ्यानं वाचायला लावा. त्यांना कळलं तर झालं. पुढच्या लग्नात मांडवात बसून अक्षता टाकताना तुमचा फोन वाजणार नाही.